कणकेचे पाऊल

देवाच्या चरणांचे वर्णन करू लागलो, की आम्हा कीर्तनकारांचे तोंड थकत नाही. ते सुकुमार, ते कोमल, ते कमळाहून कोवळे! आणि माणसाचे पाय? ते भेगांचे, ते धुळीचे, दिवसभर सारा देह वाहून संध्याकाळी अंथरुणाच्या टोकाला विसरून टाकलेले. नवविधा भक्तीत चौथी भक्ती पादसेवनाची. ती सांगताना मी पुष्कळ वर्षे वर, गाभाऱ्याकडे बोट करीत आलो. कारंजा लाडच्या एका बाईने माझे ते बोट हलकेच खाली आणले आणि तुमच्या-माझ्या पायांकडे वळवले. त्या बाईचे नाव जतनबाई.

जतनबाईंचे घर जैन, आमचे वैष्णव. दोन्ही घरांच्या मध्ये एकच भिंत. भिंतीच्या अलीकडे टाळ वाजे, पलीकडे णमोकार मंत्र चाले. आणि दुपार झाली की माझी आई आपले दुखरे पाय घेऊन पलीकडच्या ओसरीवर जाऊन बसे. तिथे पांढऱ्या लुगड्यातली, किरकोळ अंगाची जतनबाई काशाची वाटी आणि तिळाचे तेल घेऊन बसलेली असे. तिच्या उजव्या हाताचा अंगठा पुढे जरासा चपटा झाला होता. सोनाराच्या ऐरणीसारखा तो कामाने घडलेला होता. आई म्हणे, "तिचा अंगठा टेकला का बाई, पायालेच डोळे येतात."

ही विद्या तिला मिळाली ती सेवेतून. ऐन तारुण्यात कपाळाचे कुंकू गेले. कडेवर एकच मूल, केशरीचंद. त्याच वर्षी आर्यिका माताजींचा, म्हणजे जैन साध्वींचा, चातुर्मास कारंज्याला होता. अनवाणी चालून चालून माताजींच्या टाचांना अशा भेगा पडल्या होत्या, की पाऊल टेकताना त्यांचा श्वास अडे. मुखातून शब्द मात्र निघत नसे. जैनांच्या घरी अशा तपस्व्यांच्या थकल्या देहाची सेवा करणे हेही एक तपच मानतात. तिला वैयावृत्त्य म्हणतात. एका वृद्ध श्राविकेने या रडणाऱ्या पोरीचा हात धरला आणि तो माताजींच्या तळपायावर ठेवला. "रड, पन हात थांबवू नको," एवढेच ती म्हणाली. चार महिने पोर रडत होती, हात चालत होता. चातुर्मास संपला, माताजी चालत्या झाल्या. रडणे त्यांच्याबरोबर गेले; हात मात्र जतनबाईंपाशी राहिला.

मग तिच्या ओसरीवर सगळे पाय येऊ लागले. शेजारणींचे आले. कापसाच्या जिनिंगच्या कारखान्यात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायांचे आले. बाजाराच्या दिवशी तांड्यावरून येणाऱ्या बायांचे आले. वडीलधाऱ्या बाईने आपल्या पायांना हात लावावा याचा त्यांना संकोच वाटे; म्हणून त्या आधी जमिनीला हात लावून कपाळाला लावीत, मनातल्या मनात क्षमा मागत आणि मगच पाय पुढे करीत. जतनबाईंचे पहिले वाक्य मात्र ठरलेले असे. "दवाखान्यात दाखवलं का?"

एकदा तांड्यावरची जमनाबाई लंगडत आली आणि ओसरीवर धपकन बसली.

"जतनमाय, पोटरी ठसठस करून राह्यली वो. दाबून दे जराशी."

जतनबाईंनी लुगड्याची कड वर करून पाहिले. एकच पोटरी सुजलेली, ताणलेली, हाताला गरम लागणारी. त्यांनी काशाची वाटी बाजूला ठेवली.

"याले दाबाचं नाही. ऊठ, दवाखान्यात चाल."

"आता वो! साऱ्या गावाचे दाबतं आन् मायाच पायाचा इटाळ झाला का तुले?"

"इटाळ नाही माय. जिथं सूज, जिथं जखम, जिथं ताप, तिथं माया अंगठ्याचं काम नाही. दोन महिन्यांची पोटुशी आली तं तिलेबी नाही म्हनतो. ऊठ म्हनलं ना!"

आणि तोंड वाकडे करणाऱ्या जमनाबाईला हाताला धरून त्या स्वतः दवाखान्यापर्यंत घेऊन गेल्या. जमनाबाई वाटभर कुरकुरत होती आणि जतनबाई वाटभर ऐकून घेत होत्या. पुढे बरी होऊन आली तेव्हा जमनाबाईने तांड्यावरून ओल्या हरभऱ्याचा भारा आणून ओसरीवर टाकला, तोंडाने मात्र म्हणाली, "आता तं दाबशीन ना, का अजूनबी नखरे हायेत?"

पंचाहत्तरच्या सुमारास मुंबईची एक पाहुणी कारंज्याच्या मंदिरांच्या दर्शनाला आली आणि जतनबाईंकडे उतरली. ओसरीवरचे हे काम पाहून ती हरखून गेली. "अहो बाई, परदेशात या विद्येला रिफ्लेक्सॉलॉजी म्हणतात, मुंबईतही आता शिकवतात!" ती म्हणाली. तिने स्वतःचाच तळपाय मांडीवर घेतला आणि बोट फिरवीत सांगू लागली. पायाच्या तळव्यात साऱ्या देहाचे प्रतिबिंब आहे असे ही विद्या मानते. अंगठा आणि बोटे म्हणजे डोके. बोटांखालचा उंचवटा म्हणजे छाती. मधला खोलगट भाग पोटाचा, टाच कंबरेखालची, आणि पावलाची आतली कड म्हणजे पाठीचा कणा. उंचवटा संपून खळगा सुरू होतो तिथे मधोमध एक जागा. घाबरलेल्या, शिणलेल्या माणसाचे मन तिथे हळुवार दाबल्याने निवते.

जतनबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मंग तळवा पाहून रोग समजते का?"

"नाही हो. रोग डॉक्टरांनीच ओळखायचा, औषधही त्यांनीच द्यायचे. पायाला विसावा मिळाला की जीवाला मिळतो, झोप लागते, दुखणे सोसायला बळ येते. याला पूरक उपचार म्हणतात. एवढेच."

"एवढंच म्हनतं, म्हनून तुह्यं खरं वाटते," जतनबाई म्हणाल्या. 'पूरक' हा शब्द काही त्यांच्या जिभेवर बसला नाही. त्यांनी त्याचे 'सोबत' केले. औषध वाट चालणारे, आणि हे त्याच्या सोबतीला. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा तोच जुना अंगठा थोडा अधिक जाणता होऊन फिरू लागला.

आणि आता, सज्जनहो, ज्या पायांसाठी ही कथा, त्या पायांकडे येतो.

केशरीचंद मोठा झाला. त्याने किराण्याचे दुकान घातले आणि वऱ्हाडातल्याच मालेगावची गुलाब सून होऊन घरात आली. गोरी नाही, उंच नाही; पण बोलकी अशी, की तिच्या येण्याने भिंतीपलीकडच्या आमच्या घरातही उजेड वाटे. लग्नाला दोन वर्षे झाली आणि शहात्तर सालच्या पौषात, सातव्या महिन्यात, तिचे बाळ गेले. जगात आले ते डोळे न उघडताच आले.

देह सावरला, झोप मात्र गेली ती परतली नाही. अन्न पुढे ठेवले की चिवडून उठे. रात्र रात्र छताकडे पाहत पडून राही. डॉक्टर भला माणूस. त्याने पापणी खाली ओढून पाहिली आणि केशरीचंदाला स्पष्ट सांगितले, "रक्त फार कमी झाले आहे. गोळ्या देतो, त्या चुकवू नका. झोपेची गोळी मात्र फार दिवस देणार नाही. हिला तिची स्वतःची झोप आणि अन्न परत यायला हवे. नाहीतर माझ्या गोळ्या तरी किती पुरणार?"

गोळ्या चालू झाल्या. झोप येईना. गुलाब दिवसादिवसाने वाळत चालली. आणि जतनबाई? साऱ्या कारंज्याचे पाय त्यांच्या मांडीवर येत. घरातले दोन पाय मात्र लुगड्याच्या काठाखाली झाकलेले होते. कारण ती सून होती. सकाळी उठून सुनेने सासूच्या पायांवर डोके ठेवावे हा घराचा रिवाज. सासूने सुनेच्या पायांना हात लावणे म्हणजे सुनेच्या माथी पापाचा डोंगर. परक्या बाईला जमिनीला हात लावून क्षमा मागता येते. सुनेला ती कुठून मागता येणार?

एका दुपारी गुलाब डोळे मिटून पडली होती. जतनबाई तेलाची वाटी घेऊन हळूच तिच्या पायथ्याशी बसल्या. बोट लागते न लागते तोच पोर विंचू चावल्यासारखी उठून बसली.

"आई! काय करून राह्यल्या! मले कोन्या नरकात धाडता?"

"नुसतं तेल लावू दे माय."

"तुमी हात लावान, तं उद्यापासून मी तुमच्यासमोर उभी नाही राहनार."

"बरं, जमनाले बोलावू का? तिले म्या शिकोलं थोडं."

"नोको." गुलाबने भिंतीकडे तोंड फिरवले. "परक्याचा हात लागला का मले रडू येते. मंग थांबत नाही."

जतनबाई वाटी घेऊन उठल्या. देवघरासमोर त्या बराच वेळ बसून राहिल्या. काय मागत होत्या ते मला ठाऊक नाही. पण फाल्गुनाच्या आरंभी एस.टी.च्या धुळीने माखलेला एक गृहस्थ दारात येऊन उभा राहिला, आणि मी तरी त्याला मागण्याचे उत्तरच म्हणतो.

ते गुलाबचे मामा, शांतीलाल. मालेगावात धान्याचा व्यापार. पोट पोत्यासारखे, आवाज आडतीवर लिलाव पुकारणाऱ्यासारखा, आणि मन शेवयांसारखे मऊ. आमच्या वऱ्हाडात मामाला भाची ही देवासारखी. वयाने केवढीही लहान असो, मामा तिच्या पाया पडतो. शांतीलाल मामांनी पिशवी खाली ठेवली, पोट सावरत सावरत वाकले आणि भाचीच्या पावलांवर दोन्ही हात टेकवले. गुलाबने पाय मागे घेतले नाहीत. तिने शांतपणे मामांच्या टकलावर हात ठेवला.

"वाकाले जमते वो," मामा खालूनच म्हणाले, "पन उठवासाठी कोनी येईन का?"

दारात उभ्या असलेल्या जतनबाई त्या पावलांवर टेकलेल्या हातांकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"मामाजी, एक काम सांगू का?"

"हुकूम करा विहीणबाई. तुरी पायजेत का? आज भाव बरा हाय."

"तुरी नाही. पाय दाबाचे हायेत."

मामा चमकले. "कोनाचे? तुमचे? विहीणबाई, लोकं काय म्हनतीन!"

आत पाणी पिणाऱ्या केशरीचंदाला ठसका लागला.

"माये नाही वो, मेले लोकं तुमचे!" जतनबाई हसू दाबत म्हणाल्या. "तुमच्या भाचीचे. तुमचा हात तिले चालते. तिची झोप गेली हाय मामाजी. डॉक्टरची दवाई चालू हाय, पन झोपेबिगर ते अंगी लागून नाही राह्यली. मी शिकवीन, तुमी करा."

मामांचा लिलावाचा आवाज एकदम खाली आला. "मले येईन का पन?" ते म्हणाले.

आता शिकवायचे कसे? विहिणीने व्याह्याकडल्या पुरुषाचा हात धरून दाखवायचा नाही. आणि सुनेच्या पायाला स्वतः हात लावून दाखवायचा नाही. जतनबाई स्वयंपाकघरात गेल्या. परातीत संध्याकाळच्या पोळ्यांची कणीक भिजवलेली होती. त्यांनी तो गोळा पाटावर घेतला आणि त्याचे पाऊल घडवले. कोणाचेही पाऊल नव्हे ते. न्हाणीतून निघालेल्या गुलाबच्या ओल्या पावलांचे ठसे त्या रोज सकाळी फरशीवर पाहत आल्या होत्या. ज्या पावलाला हात लावता येत नव्हता, ते त्यांच्या डोळ्यांनी पाठ केले होते. डाव्या पावलाचा खळगा उजव्याहून खोल, अंगठ्याशेजारचे बोट अंगठ्याहून लांब, टाच बारीक. तसेच हुबेहूब पाऊल कणकेतून उभे राहिले.

"हे गुलाबचं पाऊल समजा," त्या पाट पुढे सरकवून म्हणाल्या. "हे डोकं. हे छाती. हे पोट. आन् इथं, मधात, हे जीव निववाची जागा. अंगठा ठेवाचा, घासाचा नाही. सरपटत सरपटत पुढं न्याचा. जिथं दुखलं तिथं जोर कमी कराचा."

मामांनी बाह्या सरसावल्या आणि जन्मभर जसा मुठीत हरभरा घेऊन पारखला, तसे कणकेचे पाऊल मुठीत धरले. पाऊल पिचकले.

"मामाजी! पाय हाय तो, नमुन्याचा माल नाही!"

"मंग कसं धरू?"

"बोली लागाच्या आधी भाव जसा मनात धरता तसा. कोनाले समजला नाही पायजे."

हे मात्र मामांना तत्काळ कळले. जतनबाईंनी पाऊल पुन्हा घडवले, मामांनी पुन्हा धरले, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्यांचा जाडजूड अंगठा कणकेवरून अशा अदबीने चालला, की जतनबाईंनी नुसती मान हलवली.

ओसरीवर चटई पडली. गुलाब भिंतीला टेकून बसली, मामांनी तिचे पाऊल मांडीवर घेतले, आणि जतनबाई पाठमोऱ्या बसून तांदूळ निवडू लागल्या. डोळे तांदळात, कान मागे.

"एक णमोकार मनात म्हनून होईस्तोवर अंगठा हलू देऊ नका," त्यांनी पाठमोरेच सांगितले.

मामा पुटपुटू लागले. पण माप मोजता मोजता जन्म गेलेला माणूस! व्यापारी पहिले माप 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. मामांच्या तोंडून मंत्राच्या जागी तेच निघू लागले. अंगठ्यावर आले, "लाभ." शेजारच्या बोटावर आले, "दोन." पुढच्या बोटावर, "तीन."

गुलाबचे ओठ थरथरले. "मामा," ती म्हणाली, "करंगळी सुटीच राहू द्या, गिऱ्हाईक घेऊन जाईन."

आणि ती हसली! पौषापासून जे घर हसले नव्हते, त्या घरात ती पोर खळखळून हसली. पायाला गुदगुल्या होऊन हसली, डोळ्यांतून पाणी येईतो हसली. पाठमोऱ्या जतनबाईंच्या हातातले तांदूळ तसेच राहिले. मग हसणे ओसरले, जांभई आली, आणि मामांच्या मांडीवर पाय असतानाच गुलाबची मान एका बाजूला कलली. घटकाभरच, पण ती झोप तिची स्वतःची होती.

त्या आनंदात जतनबाईंना सूर्याचे भान राहिले नाही. जैनांच्या घरी दिवस मावळण्याआधी जेवण आटोपले पाहिजे. किरणे भिंतीवर चढलेली पाहून त्या लगबगीने उठल्या, चूल फुलवली, पाटावरची कणीक ओढली, भराभर पोळ्या लाटल्या आणि मामांना, केशरीचंदाला, जागी झालेल्या गुलाबला वाढल्या. गुलाबने त्या संध्याकाळी एक पोळी पुरी खाल्ली. जतनबाई तव्यापाशी उभ्या राहून ते डोळे भरून पाहत होत्या.

मामांनी घास मोडला, दिव्याकडे धरावा तसा उजेडाकडे धरला आणि मिस्कीलपणे म्हणाले, "विहीणबाई, लई मऊ हाय वो. ही टाच हाय का अंगठा?"

केशरीचंद हसला. गुलाबही हसली. जतनबाईंच्या हातातला तुपाचा चमचा मात्र हवेत तसाच थांबला.

तुम्हाला यात काय मोठे घडले असे वाटेल. सांगतो. या जैन घरांत दिवाळीला साखरेचे हत्ती-घोडे कधी येत नाहीत. साखर ती साखरच; पण खाणाऱ्याच्या मनात क्षणभर हत्तीचे डोके दाताखाली आले, तर ती हिंसा मनाने केलीच, असा त्यांचा सूक्ष्म विचार. मुंगी चुकवून पाऊल टाकणाऱ्या जतनबाईंनी आपल्या हाताने एक पाऊल घडवले होते. त्याला छाती म्हटले होते, पोट म्हटले होते, गुलाबचे पाऊल म्हटले होते. आणि मग तेच तोडून, लाटून, विस्तवावर भाजून लेकरांना वाढले होते.

त्यांनी चमचा तुपाच्या भांड्यात परत ठेवला.

"अवो, कनीक होती ते," मामांचा चेहरा उतरला.

"कनीकच होती मामाजी. पन म्या तिले गुलाबचा पाय म्हनलं होतं."

त्या जेवल्या नाहीत. उरलेली कणीक पाहून त्यांनी हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा थेंबही न घेता उपवास करण्याचा नेम केला. सकाळच्या गाडीने मामांना मालेगावचा बाजार गाठायचा होता. दारात चपला घालताना ते म्हणाले, "विहीणबाई, मायी जीभच कापली पायजे."

"नोका बाप्पा," जतनबाई म्हणाल्या, "तेबी हिंसाच हाय."

मामा गेले. झोपही त्यांच्या मागोमाग गेली असे वाटले. फाल्गुनाचे ऊन चढू लागले. गुलाब ओसरीच्या कोपऱ्यात बसून सासूकडे पाहत होती. कोरड्या ओठांनी ती बाई झाडत होती, विहिरीवरून पाणी आणून दुसऱ्यांसाठी माठ भरत होती, तिच्या गोळीची वेळ झाली म्हणून तिच्या हातात पाण्याचा पेला देत होती. स्वतः घोटभरही न घेता.

पेला हातात धरून गुलाबने विचारले, "आई, उपासानं दोष फिटते का?"

"मनापासून केला तं फिटते म्हनतात."

"म्हंजे कालचा दोष आज फिटला?"

"संध्याकाळपर्यंत फिटन."

गुलाब उठली. आत गेली आणि काशाची वाटी, तेलाची शिशी घेऊन आली. सासूसमोर चटईवर बसली, लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत वर घेतला आणि दोन्ही पाय पुढे केले.

"घ्या."

"पोरी, तुले पाप लागन."

"लागू द्या. मीबी एक उपास करीन. तुमचा फिटते तं माया काहून नाही फिटनार?"

"तुह्या अंगात रक्त नाही अन् उपास करतं!"

"आज कुठं म्हनलं म्या? बरी झाल्यावर करीन. तवरोक उधार राहू द्या देवापाशी." मग तिचा आवाज लहान झाला. "मामाचा हात होता, पन बोलत तं तुमी होत्या, आई. मले झोप तुमच्या आवाजानं लागली."

जतनबाईंनी पाऊल मांडीवर घेतले. डोळ्यांनी पाठ केलेले ते पाऊल हाताने पहिल्यांदा वाचले. अंगठा टेकला, सरकला, थांबला. तेलाचा गंध, वाटीचा मंद घासता स्वर, आणि बाहेर भर दुपार.

"आई, बाळाचे पाय पाह्यले होते का तुमी?"

"पाह्यले. दोन्ही हातात घेतले होते म्या."

"मले कोनी दाखवलं नाही. कसे होते?"

"तुह्यासारखे. अंगठ्याजवळचं बोट लांब."

गुलाब रडली. परक्यासमोर जे रडू थांबणार नाही म्हणून तिने धरून ठेवले होते, ते घरच्या मांडीवर पाय ठेवून मोकळे वाहिले. जतनबाईंना त्या वृद्ध श्राविकेचे शब्द आठवले असतील. कारण त्यांनी तिला गप्प केले नाही आणि हातही थांबवला नाही. रडता रडता पोर आडवी झाली, हुंदके लांबत गेले, आणि संध्याकाळी केशरीचंद दुकानातून आला तेव्हा ती गाढ झोपली होती. तो हाक मारणार तोच आईने डोळ्यांनी दटावले. सुनेचे पाय मांडीवर घेऊन ती तशीच बसलेली. साऱ्या गावाच्या पायांना हलके करणाऱ्या बाईच्या स्वतःच्या पायांना मुंग्या आल्या होत्या, आणि तिच्या चेहऱ्यावर उपवासाचा शीण कुठे दिसत नव्हता.

त्यानंतर रोज दुपारी ती चटई पडू लागली. गोळ्या चुकल्या नाहीत, दवाखान्याची फेरी चुकली नाही, आणि पायांची ही सोबतही चुकली नाही. कशाने किती गुण आला, हे वेगळे काढून दाखवा असे कुणी जतनबाईंना म्हटले, की त्या म्हणत, "वरनात डाळ किती अन् पानी किती, हे जेवनाऱ्यानं कायले इचाराचं?" डॉक्टरने पावसाळ्यात पापणी ओढून पाहिली आणि तो प्रसन्न हसला.

भाद्रपद आला. दशलक्षण पर्वात जैनांच्या घरोघरी उपवास सुरू झाले. गुलाब स्वतःच दवाखान्यात गेली आणि तिने विचारले, एक दिवस उपवास केला तर चालेल का? डॉक्टर म्हणाला, "आता चालेल. पाणी मात्र प्यायचे."

त्या दिवशी गुलाबने उपवास केला. कशाचा, ते घरात दोघींनाच ठाऊक होते. सासू तिच्यामागे सावलीसारखी फिरत होती. चक्कर येते का, बसतं का, पाणी घेतलं का. आणि सून हसत हसत घर झाडत होती. ज्या दिवशी ती पोर उपाशी राहू शकली, त्या दिवशी जतनबाईंना खरी खात्री पटली, की ती बरी झाली. आम्ही भिंतीपलीकडून ते ऐकत होतो, आणि माझी आई उगीचच डोळ्यांना पदर लावीत होती.

दुसऱ्या सकाळी पारणे झाले. मुगाचे पाणी, मग मऊ, गोल, कशाचाही आकार नसलेली पोळी. गुलाबने सासूच्या पायांवर डोके ठेवले.

"फिटलं, आई?"

"फिटलं माय, सारं फिटलं."

दुपार झाली. जतनबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. गुलाब आली, चटई अंथरली, ऐसपैस आडवी झाली, आणि दोन्ही पाय उचलून तिने सासूच्या मांडीवर ठेवले.

"घ्या," ती डोळे मिटून म्हणाली, "पुढच्या सालचं पाप आजपासून सुरू."